चांगुणाची विळी

चांगुणा एकदा मनात धरायची ते सोडायची नाही. एका लग्नाच्या पंगतीत वाढप्याकडून तिच्या पानावर बुंदी वाढायची राहिली, तर त्या घरच्या पुढच्या एकाही लग्नाला ती गेली नाही. का आली नाहीस विचारलं, तर तोंडावर सांगितलं, "बुंदीला विचारा." अशी बाई. गोडबोली नव्हती, गरीब गाय तर मुळीच नव्हती. तेव्हा ही हकीकत ऐकताना तिची कीव करायच्या भानगडीत कोणी पडू नये. तिला ते खपलं नसतं.

अंबरनाथला पश्चिमेकडे, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. घरात तिघं. ती, नवरा हरिचंद्र आणि सासू भिमाबाई. हरिचंद्र कारखान्यात मशीनवर होता. बायको जेवढी तिखट तेवढा हा मऊ. भांडण सुरू झालं की चप्पल घालून बाहेर जायचा आणि येताना तिच्यासाठी भजी आणायचा. त्याचं एकच होतं, खायला चवीचं लागायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचा नाही, पण ताटाकडे असा बघायचा की चांगुणा स्वतःच मिठाचा डबा आणून आपटायची.

चांगुणा फळं विकायची. स्टेशनबाहेर पाटी लावून बसायची आणि पुढ्यात तिच्या आईने लग्नात दिलेली विळी. अननस असो, पपई असो, पेरू असो, गिऱ्हाइकाने बोट दाखवलं की फोडी तयार. थंडीच्या दिवसांत करमळं यायची. सिंधी बायका त्याला कमरख म्हणायच्या. पिवळं, पाच धारांचं, आंबटगोड फळ. आडवं कापलं की चांदणीच्या आकाराच्या चकत्या पडतात. त्यावर मीठ-तिखट भुरभुरलं की येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. ही करमळं जांभूळ गावाच्या पलीकडच्या ठाकरवाडीतून राही नावाची बाई डोक्यावरून आणायची. तिच्या झापाजवळच, म्हणजे गवताच्या खोपटाजवळच, एक झाड होतं, आणि ते असं धरायचं की फांद्या खाली यायच्या. पाटी उतरवून राही म्हणायची, "घे बाय, समदी तुझीच हायती." दोघी चहा प्यायच्या, राही गाडीला जायची.

आता भगवंतदादा. हा माणूस मूळचा औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा. गोळ्यांची नावं पाठ झाली, लोक "डॉक्टर" म्हणायला लागले, आणि मग त्याला वाटलं की आपण आहोतच. पण हुशार होता. गोळ्यांच्या वाटेला गेला नाही, फळांच्या गेला. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये एका गोडाऊनच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी त्याचा आरोग्यवर्ग भरायचा. पांढरा झब्बा, समोर टेबल, टेबलावर फळं आणि एक चकचकीत स्टीलची सुरी. फुकट बोलायचा. फळांचा रस, चूर्णं, तेलं मात्र खाली बायको विठाबाई विकायची.

लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला तो एका गोष्टीमुळे. कुठलंही नवीन फळ आणलं की आधी स्वतः खायचा. सगळ्यांच्या देखत फोड कापायची, तोंडात टाकायची, चावून गिळायची, आणि मग म्हणायचा, "मी खाल्लं. आता तुम्ही." त्यानंतर त्या फळाचे गुण सांगायचा. बाजारात बसणाऱ्या बायकांचीही हीच रीत. गिऱ्हाइकाला अनोळखी फळ द्यायचं तर पहिली चकती विकणारीने खायची. त्यामुळे चांगुणाला हा माणूस आपल्यातला वाटला. वर्गाला करमळं तीच पुरवायची, आणि ते सांगताना तिचा आवाज थोडा चढायचा.

एकोणनव्वद साली पावसाळा संपता संपता हरिचंद्रचे पाय सुजायला लागले. कारखान्याच्या डॉक्टरने तपासलं, म्हणाला किडनी कमजोर झालीये, गोळ्या घ्या, मीठ बंद. मीठ बंद म्हणजे हरिचंद्रचं जगणंच बंद. अळणी डाळ पुढ्यात घेऊन तो असा बसायचा की बघवायचं नाही. भिमाबाईने धोशा लावला, दादांकडे चला, दादा बघतील. थंडी पडू लागली तसे गेले तिघं एका रविवारी.

दादांनी हरिचंद्रचे पाय दाबून पाहिले आणि टेबलावरचं करमळ उचललं. चांगुणानेच आदल्या दिवशी पोचवलेलं. चकती कापली, खाल्ली. "मी खाल्लं. आता तुम्ही," म्हणाले. "हे फळ मूत्रपिंड धुऊन काढतं. रोज सकाळी मोठा पेला रस. अनशापोटी. बघा सूज कशी पळते."

चांगुणाला काय आनंद झाला. तिच्याच पाटीतलं फळ तिच्याच माणसाला बरं करणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चांगली पिकलेली करमळं निवडली, विळीवर चिरली, फडक्यातून पिळली आणि पेला भरून हरिचंद्रच्या हातात दिला. त्याने एका दमात संपवला. वर म्हणालासुद्धा, "बऱ्याच दिवसांनी तोंडाला चव आली."

दुपारी त्याला उचकी लागली. आधी सगळी हसली. कोण आठवण काढतंय रे, म्हणाली. पाणी दिलं, साखर दिली, पाठीत थापट्या मारल्या. उचकी थांबेना. संध्याकाळपर्यंत माणूस थकून गेला, मग बरळायला लागला, चांगुणाला "आई" म्हणायला लागला. रिक्षात घालून दवाखान्यात नेला. तिथे किडनी निकामी झाली म्हणाले. दोन दिवस तो उचक्या देत पडून होता, आणि मग उचकी थांबली ती त्याच्याबरोबरच.

इथवर ठीक आहे. म्हणजे ठीक नाहीच, पण माणसं जातात. कोणाला काय कळतं. चांगुणाही रडूनरडून तेच म्हणाली असती. पण भगवंतदादा भेटायला आले.

दारात माणसं जमलेली. दादा सतरंजीवर बसले, डोळे मिटले, आणि हळू आवाजात विचारलं, "रस कशाने काढला होता?"

चांगुणा म्हणाली, "विळीवर चिरून, पिळून."

"लोखंडाच्या विळीवर?" दादांनी मान हलवली, फार दुःख झाल्यासारखी. "अरेरे. करमळाला लोखंड लागलं की त्याचं विष होतं. म्हणून तर मी स्टील वापरतो. विचारायचं तरी होतं, बाई."

हा नियम तोवर कोणी ऐकला नव्हता. वर्षानुवर्षं तीच बाई त्याच विळीवर करमळं कापून अख्ख्या अंबरनाथला खाऊ घालत होती, कोणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. पण हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं नाही. पांढऱ्या झब्ब्यातला माणूस डोळे मिटून बोलला, की झालं. सगळ्यांच्या माना चांगुणाकडे वळल्या. भिमाबाईने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली, "माझ्या लेकाला हिने चिरून मारला." चांगुणाने मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या दिवसानंतर गल्लीत तिच्या हातचं कापलेलं कोणी खाईना. विहारात खीरदानाच्या दिवशी बायका भाजी चिरायला बसल्या आणि चांगुणा आपली विळी घेऊन गेली, तर शेजारच्या ठमाबाईने फार गोड आवाजात सांगितलं, "तू राहू दे गं, तू भांडी बघ." स्टेशनवर गिऱ्हाईक फोडी घेता घेता थबकायचं, कोणीतरी कानात सांगितलेलं असायचं. घरात तर भिमाबाईने वेगळीच तऱ्हा सुरू केली. सुनेने भाजी चिरली की ती जेवायची नाही. स्वतः हाताने वांगी मोडायची, कांदा बुक्कीने फोडायची. सुनेच्या कमाईचं धान्य चालायचं, विळी चालायची नाही.

चांगुणाने विळी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली. स्टेशनची जागा सोडली आणि कॅम्प चारच्या बाजारात पाटी लावली, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं. तिथे ती अख्खी फळं विकायची. कापून देत नाही, घरी जाऊन कापा. "कमरख काट के दो ना, अदी," एखादी सिंधी बाई बहीण म्हणून हाक मारत म्हणाली तर ती म्हणायची, "छुरी नहीं है." फळवाली आणि छुरी नाही. लोकांना विचित्र वाटायचं.

दादांवर तिने डूख धरला होता हे सांगायला नको. पण हातात काही नव्हतं. तिला आतून माहीत होतं की विळीत दोष नाही. तरी काही वेळा, एकटी असताना, तिलाच शंका यायची. असेल का लोखंडाचं? आपणच का? आणि ही शंका ज्याने तिच्या डोक्यात घातली त्याचा तिला नवरा गेल्यापेक्षा जास्त राग यायचा. पाटी घेऊन बसली की समोरच्या गोडाऊनवरचा हॉल दिसायचा. रविवारी तिथे चढणारे पाय ती मोजल्यासारखे बघायची, आणि त्यातले दोन पाय तिच्या सासूचे असायचे. हो. मुलगा गेला, पण म्हातारीचा दादांवरचा विश्वास गेला नाही. उलट वाढला. दर रविवारी भिमाबाई ठमाबाईचा हात धरून अंबरनाथहून कॅम्प चारला यायची, सुनेच्या पाटीसमोरून जायची आणि तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

अशी वर्षं गेली. अठ्ठ्याण्णव साल उजाडलं. बाजारात एक नवीनच फळ दिसायला लागलं, किवी. बाहेरून चिकूसारखं मातकट आणि वर केस, आतून हिरवंगार. मुंबईच्या घाऊक बाजारातून येणारं महागडं लाडकं बाळ. एकेका फळाला कागदाचं झबलं. कॅम्प चारच्या गिऱ्हाइकांना नवलाईची हौस, म्हणून चांगुणाही थोडी ठेवायला लागली. पाटीत एका बाजूला राहीची करमळं, दुसऱ्या बाजूला किवी.

एका सकाळी पाटीपुढे विठाबाई येऊन उभी राहिली. दादांची बायको. चांगुणाने तिला लगेच ओळखलं. तिने चांगुणाला नाही. बाई फार थकलेली दिसत होती. दादांचा आता बदलापूरला मांजर्लीत फ्लॅट होता, म्हणे नदीची हवा लागते, पण हिच्या तोंडावर कुठली हवा लागलेली नव्हती. तिने दोन किवी घेतल्या.

चांगुणाने धंद्याच्या सवयीने म्हटलं, "कमरख पण घेऊन जा वहिनी, ताजे आहेत. दादांना लागतात ना वर्गाला."

विठाबाईने हात असा मागे घेतला की पाटीत विंचू निघाला असं वाटावं. "नको, नको. घरात नको ते." मग आजूबाजूला पाहिलं. दुःख दाबून ठेवलेल्या माणसाला परकं माणूस बरं पडतं, ओळखीचं नाही. "कोणाला बोलू नका हं. त्यांची किडनी गेलीये. साखरेने. मशीनवर रक्त धुवायला मुंबईला नेते मी, आठवड्यातून दोनदा. लोकांना सांगतात, व्याख्यानाला जातोय. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय, बाकी फळं मोजून मापून, एखादी फोड. पण कमरखला हात लावायचा नाही. किडनी खराब असली की ते विष असतं म्हणे. उचकी लागते, थांबतच नाही. माणूस जातो."

"उचकी," चांगुणा म्हणाली.

"हो ना. उचकी."

"आणि वर्गात? वर्गात तर अजून देतात."

विठाबाईने पदराने तोंड पुसलं. "मी सांगितलं त्यांना. म्हणाले, इतकी वर्षं शिकवलेलं आता कुठल्या तोंडाने मागे घेऊ." आणि पिशवी उचलून ती गेली.

चांगुणाचं डोकं तापलं ते असं तापलं की तिने पाटीवर फडकं टाकलं आणि भरबाजारातून उठून घरी गेली. विळी नव्हती. लोखंड नव्हतं. ती नव्हती. आणि त्या माणसाला आता हे ठाऊक होतं. ठाऊक असून स्वतःचं तोंड बंद ठेवून दुसऱ्यांची तोंडं उघडत होता. तिने शिडी लावली, माळ्यावरून गोणपाट काढलं. विळी गंजून लाल झाली होती. अंगणात बसून तिने ती विटकरीच्या चुऱ्याने घासली, संध्याकाळ होईपर्यंत घासली. भिमाबाई ओट्यावरून बघत होती. "काय करतेस?" तिने विचारलं. "तुमच्या दादांच्या वर्गाला येणार आहे रविवारी," चांगुणा म्हणाली. "हात रिकामे कसे न्यायचे."

पुढे लोक म्हणायला लागले, चांगुणा ठमाबाईला वाचवायला गेली होती. कारण ठमाबाईचेही पाय त्या थंडीत सुजले होते आणि दादा तिला करमळाचा रस सुरू करणार होते. खोटं आहे. ठमाबाईने तिला भांडी घासायला बसवलं होतं, हे चांगुणा विसरली नव्हती. ती उट्टं काढायला गेली होती. ठमाबाई त्यात वाचली, ते तिचं नशीब.

रविवारी हॉल भरलेला. पुढे सतरंजीवर म्हाताऱ्या, मागे खुर्च्यांवर दुकानदार, दाराशी विठाबाई बाटल्या घेऊन. टेबलावर दोन बशा. दादा सुकले होते, झब्बा अंगावर लोंबत होता, पण आवाज तोच. त्या दिवशीचा विषय होता किवी आणि करमळ.

"ही किवी," दादा म्हणाले. "परदेशची. क जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त. पोट साफ ठेवते, पचन सुधारते. आणि हे आपलं करमळ. ह्यातही क जीवनसत्त्व, साखर कमी, पाणी भरपूर, तहान भागवतं. दोघांत श्रेष्ठ कोण? तर सांगतो. किवी ही शुद्ध झालेल्या शरीराची, आणि करमळ हे शरीर शुद्ध करणारं. म्हणून मी आता फक्त किवी खातो. माझ्यात धुवायला काही उरलंच नाही." लोक हसले. दादांनी किवीची कागदासारखी पातळ फोड तोंडात टाकली. "ठमाबाई, पुढे या. पाय दाखवा. तुम्हाला करमळ."

मागून चांगुणा उठली. हातात विळी बघून पुढच्या बायका सरकल्या. ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"दादा, मला ओळखलंत? हरिचंद्रची बायको. विळीवाली."

दादांनी ओळखलं. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी ओळखलं, कारण लोखंडाच्या विळीची ती गोष्ट दादा उदाहरण म्हणून अजून सांगायचे. भिमाबाईने पदर तोंडाला लावला.

"बोला बाई."

"बोलायला नाही आले. एक विचारायचंय. स्वच्छ भांडं पुन्हा धुतलं तर फुटतं का?"

"म्हणजे?"

"तुमच्यात धुवायला काही नाही म्हणता. मग करमळ खाल्लंत तर काय बिघडेल? पूर्वी आधी तुम्ही खायचात. माझ्या माणसाने तेच बघून खाल्लं. आज ठमाबाईला देताय, तर आधी तुम्ही."

मागचा एक दुकानदार म्हणाला, "बराबर है. पहले दादा खाएंगे."

चांगुणाने टेबलावर विळी मांडली. पायाने दाबायला जागा नव्हती म्हणून एका हाताने पाट धरला, आणि करमळाचे दोन भाग केले. आपल्या अर्ध्या भागाच्या चकत्या विळीवर पाडल्या, एकेक उचलून खाल्ल्या, सगळ्यांच्या देखत, सावकाश. भिमाबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दुसरा अर्धा भाग तिने दादांपुढे सरकवला.

"ह्याची विळी लागलेली कड काढून टाका. आतलं तुमच्या स्टीलच्या सुरीने कापा. लोखंडाचा दोष नको उगाच."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. तिला माहीत आहे, हे त्यांना त्या वेळी कळलं. ते म्हणू शकत होते, मी आजारी आहे. एवढंच म्हटलं असतं तरी लोकांनी माफ केलं असतं, माणसं इतकी वाईट नसतात. म्हणू शकत होते, हे फळ किडनीच्या माणसाला चालत नाही, माझी चूक झाली. चांगुणा त्यासाठी थांबली होती. खरं सांगायचं तर ते हे बोलले असते तर तिला काय करावं ते सुचलं नसतं. पण दादांनी समोरच्या माना बघितल्या, झब्बा सारखा केला आणि सुरी उचलली. कड काढली. एक पातळ चकती कापली आणि तोंडात ठेवली.

"आता गुण सांगा," चांगुणा म्हणाली.

दादा बोलेनात. चकती गालात होती, ते सगळ्यांना दिसत होतं. बोलायचं तर आधी गिळायला हवं होतं.

"तुमची रीत आहे ना, दादा. खायचं, मग गुण सांगायचे. सांगा. मूत्रपिंडाला काय करतं ते सांगा ठमाबाईला."

ठमाबाई भाबडेपणाने म्हणाली, "गिळा की दादा." ते जबडा आवळून उभे राहिले. चांगुणा त्यांच्या डोळ्यांत बघत होती आणि तिला, आता लपवायचं कशाला, फार बरं वाटत होतं. नऊ वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

दाराकडून विठाबाई आली. माणसांतून वाट काढत, घाई न करता. तिने कोणाकडे पाहिलं नाही. नवऱ्यापुढे उभी राहिली आणि लहान पोरापुढे धरतात तसा हाताचा पसा त्यांच्या तोंडाखाली धरला. दादांनी मान खाली घातली आणि त्या पशात थुंकलं. एकदा, मग पुन्हा एकदा. विठाबाईने पदर ओला करून त्यांची जीभ पुसली.

चांगुणाने विळी उचलली. जाताना ती विठाबाईपुढे थांबली. विठाबाईचं तिला वाईट वाटलं, कारण गुपित तिचं होतं आणि ते वापरलं हिने. दादांचं जराही वाटलं नाही.

"असा हात धरायला मला कोणी सांगितलं असतं ना, वहिनी," ती म्हणाली, "तर मीही धरला असता."

एवढं बोलून ती जिना उतरली.

वर्ग त्या रविवारी मोडला तो पुन्हा भरला नाही. दादा पुढे वर्षभर जगले, मांजर्लीतून बाहेर पडले नाहीत. ठमाबाई मोठ्या दवाखान्यात गेली, गोळ्या सुरू झाल्या. मग एक दिवस मेथीची जुडी घेऊन चांगुणाच्या दारात आली आणि म्हणाली, चिरून देतेस का, तुझ्या हातची बारीक होते. चांगुणाने चिरून दिली. चहा मात्र विचारला नाही.

पण त्या रविवारचं अजून सांगायचं राहिलं. संध्याकाळी भिमाबाई घरी आली ती भिंत धरत. ओट्यावर बसली. सून आत चूल बघत होती. म्हातारी म्हणाली, "चांगुणा, एक करमळ काप गं. मलाबी दे."

नऊ वर्षं म्हातारीने हाताने वांगी मोडली होती. चांगुणा उठली. विळी घेतली, उंबऱ्याच्या आत बसली, एक चांगलं पिवळं करमळ निवडलं आणि चकत्या पाडल्या. मीठ-तिखट भुरभुरलं. भिमाबाईने हात पुढे केला. चांगुणाने पहिली चकती स्वतःच्या तोंडात टाकली. मग दुसरी. म्हातारीचा हात तसाच पुढे, आणि सून तिच्याकडे बघत एकेक चकती चावून खात होती. भिमाबाई रडायला लागली. "आत्या, थांबा," चांगुणा म्हणाली. "मीपण थांबले होते."

बशीत एक चकती उरली तेव्हा तिने बशी उंबऱ्यावर ठेवली, दोघींच्या मधोमध, आणि विळी धुवायला मोरीत गेली.